गात नसाल तरी घरात तंबोरा ठेवा

तंबोरा ही फक्त गाणाऱ्यांची वस्तू, असं आपल्याकडे धरूनच चालतात. आजीच्या किंवा मावशीच्या वेळचा एखादा तंबोरा घरात असलाच तर तो गवसणीत गुंडाळून कपाटाच्या मागे उभा असतो. खंडेनवमीला बाहेर येतो, त्याला हळदकुंकू लागतं, दुसऱ्या दिवशी परत आत. याचं मला खरंच वाईट वाटतं. तंबोरा नीट लावता येणं हा स्वतःच एक पूर्ण छंद आहे. त्याला गळा लागत नाही, रागांची माहिती लागत नाही. कान, थोडा धीर आणि रोजची पंधरा-वीस मिनिटं एवढंच लागतं. सध्या माझं वाचन, ऐकणं आणि हातकाम या तिन्ही गोष्टी या एकाच वाद्याभोवती फिरत आहेत, म्हणून हे सगळं एकत्र लिहून काढतोय.

आपण सांगली-मिरज भागातले लोक याबाबतीत भाग्यवान आहोत. मिरजेत तंतुवाद्यं बनवण्याचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू आहे. त्याची सुरुवात केली ती शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांनी. लढाया संपल्या, तलवारींचं काम कमी झालं आणि तेच हात सतार-तंबोऱ्याकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं पहिलं मोठं नाव. आजही दर्ग्याच्या आसपास सतारमेकर गल्लीत दुकानांच्या मागेच कारखाने आहेत, आणि भोपळ्यापासून खुंटीपर्यंत सगळं तिथे डोळ्यांसमोर होताना बघता येतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मुंबई-पुण्याचे लोक ज्या कामासाठी मुद्दाम मिरजेला येतात, त्यासाठी सांगलीकराला शहर बसचं तिकीट पुरतं.

तंबोरा घेताना सगळ्यात आधी पट्टी, म्हणजे आपला सा किती उंच ठेवायचा ते, ठरवा. पुरुषांचा तंबोरा साडेचार-पाच फुटांचा असतो आणि काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, आसपास लागतो. बायकांची तंबोरी चार फुटांच्या आसपास असते आणि काळी चार, काळी पाचला लागते. नुसतं ऐकायला आणि लावायला शिकायचं असेल तर मी डोळे झाकून मोठा तंबोरा घ्यायला सांगेन. खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, जितका खाली, तितके त्याच्या पोटातले वरचे स्वर आपल्या कानाच्या सोयीच्या टप्प्यात येतात. जागा कमी असेल तर तंबोरी चालेल, पण मोठा तंबोरा काळी चारपर्यंत चढवायचा प्रयत्न कधीही करू नका. त्याच तारांवर काळी एकवरून काळी चारवर गेलात तर ताण जवळजवळ सव्वादोनपट होतो. काळी एकला प्रत्येक तारेवर साधारण चार किलो ताण असतो, म्हणजे चार तारांचा मिळून सोळा. तो पस्तीस किलोच्या पुढे गेला की तार तुटेल ती तुटेल, पण तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) बसेल आणि दांडी वाकेल ते वेगळंच.

दुकानात वाद्य हातात घेतल्यावर काय बघायचं? आधी खुंट्यांच्या बाजूने एक डोळा मिटून दांडीवरून खाली बघा. दांडी सरळ हवी. तारांच्या ओढीने अगदी किंचित पुढे आलेली चालते, पण पीळ पडलेली दांडी नको. मग घोडी, म्हणजे तबलीवरची जी पट्टी तारा उचलून धरते ती, तिच्या भोवतालची तबली बघा. तबली मुळात थोडी फुगीर असते. घोडीखाली ती खोलगट झाली असेल तर लाकूड पातळ आहे किंवा वाद्यावर बराच काळ जास्त ताण राहिला आहे. भोपळ्यावर बोटाच्या पेराने सगळीकडून हलकं ठोकून बघा. आवाज सगळीकडे सारखा यायला हवा. मध्येच एखाद्या जागी तो मेला तर तिथे आतून ठिगळ किंवा भेग आहे. हे भोपळे कडू भोपळ्याचे असतात. मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेकाठी पिकतात, वेलावर आणि नंतर उन्हात पूर्ण वाळतात आणि मग मिरजेला येतात. मोठा, गोल आणि सगळीकडे सारख्या जाडीचा भोपळा मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय, म्हणून डागाळलेला किंवा एका बाजूला थोडा चपटा असेल तर नाक मुरडू नका. पॉलिशखाली डाग दिसत नाहीत आणि आवाजाला त्याचं काही नसतं. मात्र सुईच्या टोकाएवढी भोकं आणि त्याखाली पिवळसर भुकटी दिसली, तर ते वाद्य घेऊ नका. ती कीड आहे.

भोपळा आणि दांडी जिथे जुळतात त्या गळ्याच्या सांध्यावर अंगठा फिरवा. सांधा कळता कामा नये. नक्षीकाम, हस्तिदंतासारखी दिसणारी पांढरी पट्टी, रंगीत वेल यांना शेवटी महत्त्व द्या. बजेट कमी असेल तर साधा, बिननक्षीचा तंबोरा मागून घ्या. लाकूड तेच असतं, तबली तीच असते.

आता तारा. आपल्याकडे तारा गेजवर मागतात आणि आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. मोठ्या तंबोऱ्याला काळी एकसाठी मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे सा बोलणाऱ्या, तारा ३० गेज स्टील, पहिली पंचमाची २७ गेज स्टील आणि शेवटची खर्जाची २३ गेज पितळ, असा संच बसतो. मिलिमीटरमध्ये ते अनुक्रमे ०.३१, ०.४२ आणि ०.६१ होतं. हे आकडे कुठून येतात ते कळलं की पाठ करावे लागत नाहीत. चारही तारांची लांबी सारखी, ताणही जवळपास सारखा हवा. मग जोडाच्या एक सप्तक खाली बोलायचं तर तार दुप्पट जाड हवी, म्हणून खर्ज. पंचम जोडाच्या पाऊणपट कंपनांवर बोलतो, म्हणून ती तार जोडाच्या चार तृतीयांश जाड. पट्टी अर्ध्या-एक स्वराने खाली हवी असेल तर सगळ्या तारा एकेक गेज जाड करा, वर हवी असेल तर एकेक गेज बारीक. एकच तार बदलून भागवायला गेलं की तिचा ताण बाकीच्यांपेक्षा वेगळा होतो आणि बोटाला लगेच कळतं. तीन तारा कडक आणि एक लुळी असलेला तंबोरा एकसारखा छेडताच येत नाही. तंबोरीला सगळ्याच तारा यापेक्षा एक-दोन गेज बारीक लागतात. दुकानदाराला सांगताना जुन्या तारेचा तुकडा सोबत न्या, त्यासारखं दुसरं माप नाही.

तार चढवताना एकेकच काढा आणि लावा. चारही एकदम सोडल्या तर घोडी जागेवरून हलते, आणि ती परत नेमकी त्याच जागी बसवणं हे कारागिराचं काम आहे. तारेचं एक टोक फास करून मोगऱ्याला (भोपळ्याच्या बुडाच्या अडकणीला) अडकवा, मण्यातून ओवा, घोडीवरून नेऊन अटीच्या (खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत बसवा, तारगहनाच्या (तिच्या पुढच्या भोकांच्या पट्टीच्या) भोकातून काढून खुंटीत घाला. खुंटीवर तीन ते पाच वेढे पडतील एवढीच तार ठेवा. वेढे एकमेकांशेजारी पडू द्या, एकावर एक चढले की तार अचानक घसरते. नवी तार पहिले दोन-तीन दिवस उतरतच राहते. ताणून बसवल्यावर ती मधोमध बोटाने हलकेच उचलून सोडा, परत चढवा, असं चार-पाचदा केलं की ती लवकर ठरते.

लावण्याचा क्रम सगळे वेगवेगळा सांगतात. मला पटलेला असा. आधी घोडीवर चारही तारांखाली घातलेलं सूत (दोरा) काढून टाका आणि मणी घोडी आणि मोगरा यांच्या मधोमध आणा. सूत ठेवून लावायला गेलात तर स्वराभोवती एवढी गर्दी असते की नवख्या कानाला मूळ स्वर सापडत नाही. पेटीवरून, स्वरकाट्यावरून किंवा मोबाइलवरून षड्ज (सा) घ्या. पहिल्यांदा जोडाची एकच तार त्याला मिळवा. मग पेटी बंद करा. यापुढचं सगळं या एका तारेवरून लावायचं.

दुसरी जोडाची तार पहिलीजवळ आणली की दोन्ही मिळून आवाज लहान-मोठा होताना ऐकू येतो. या हेलकाव्यांकडेच लक्ष द्या. दोन तारांमध्ये सेकंदाला जितक्या कंपनांचा फरक, सेकंदाला तितके हेलकावे. एक १३८ आणि दुसरी १३९ असेल तर सेकंदाला एक. जवळ येत जाल तसा हेलकावा लांबत जातो, तीन सेकंद, पाच सेकंद, आणि मग थांबतो. खुंटी आत दाबत फिरवा, नुसती फिरवली तर सोडल्याबरोबर मागे येते. नेहमी थोडं खालून वर या. वरून खाली उतरवलेली तार अटीच्या खाचेत अडकून राहते आणि दहा मिनिटांनी आपोआप घसरते.

जोड जुळला की खर्ज लावा आणि सगळ्यात शेवटी पंचम. पंचमासाठी त्या तारेचा मूळ स्वर ऐकू नका, तिच्या पोटातला वरचा पंचम ऐका. आंशिक स्वर म्हणजे मूळ कंपनांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे तारेच्या पोटातले स्वर. पंचमाच्या तारेचा चौथा आंशिक स्वर आणि जोडाचा तिसरा आंशिक स्वर एकच असतो, काळी एकला साधारण ४१६ कंपनांवर. तिथे हेलकावा थांबला की पंचम खरा. मोबाइलच्या ट्यूनरवर काटा मध्ये आणून पंचम लावला तर तो किंचित खाली राहतो, कारण ट्यूनर पेटीसारख्या सम विभागलेल्या स्वरांवर चालतो. फरक दोन सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पन्नासाव्या भागाचा, पण वरच्या पंचमावर दोन सेकंदांना एक असा हेलकावा स्पष्ट ऐकू येतो. ट्यूनर षड्जापुरता वापरा, पुढे कानाने.

चारही झाल्यावर परत जोडावर या. तो उतरलेला असणारच. खर्ज आणि पंचम चढवल्यावर दांडी केसभर पुढे येते आणि आधीच्या तारा सैल पडतात. दुसरा फेरा मण्यांवर करा. मणी मोगऱ्याकडे सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. त्याचा पल्ला अगदी थोडा असतो, म्हणून सुरुवातीला तो मधोमध ठेवायचा.

आणि आता जवारी, ज्यासाठी हे सगळं करायचं. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो तारेच्या दिशेने अगदी मंद उताराचा असतो. कंप पावणारी तार त्या उताराला सतत टेकते आणि सुटते. त्यातून वरच्या स्वरांचा जो फुलोरा येतो ती जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सूत घातलं की ती टेकण्याची जागा नेमकी करता येते. साधा सुती दोरा घ्या, चार-पाच इंचांचा तुकडा, मेण न लावलेला. रेशमी दोऱ्याने आवाज थोडा अधिक टोकदार येतो. जाड खर्जाला किंचित जाड दोरा चालतो, बाकीच्यांना बारीक. दोऱ्याची दोन्ही टोकं धरून तो तारेखाली सरकवा आणि तार छेडत छेडत पुढे-मागे न्या. एका जागी आवाज बसका असतो, तिथून अर्धा-एक मिलिमीटर हलवलं की एकदम उघडतो, आणखी हलवलं की चिरका होतो. उघडलेल्या जागेच्या जरासं अलीकडे थांबा. चारही तारांची जवारी सारखी उघडी हवी. एकच तार झणझणत असेल तर कान तिच्याच मागे जातो आणि बाकीच्या तीन असून नसल्यासारख्या होतात. सूत बसवल्यावर स्वर किंचित हलतो, तो मण्याने परत आणा.

दोरा कितीही हलवला तरी आवाज उघडत नसेल तर घोडीवर तारेने खाच पाडली आहे. तार बाजूला करून तिरक्या उजेडात बघितलं की खाच दिसते. मग जवारी काढून घ्यावी लागते, म्हणजे कारागीर कानशीने आणि पॉलिश पेपरने तो माथा परत घासून देतो. हे घरी करू नका. अर्धा मिलिमीटर जास्त गेला तर घोडीच बदलावी लागते. कारागिराकडे गेलात की जवारी खुली हवी की गोल, हे त्याला सांगा. खुल्या जवारीत फुलोरा जास्त आणि लांबवर जाणारा, गोल जवारीत मूळ स्वर भरदार आणि फुलोरा आतल्या आत. घरात एकट्याने बसून ऐकायला मला गोल जवारी जास्त आवडते. तिची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, शांत असते आणि वरचे स्वर एकेक करून वेगळे ऐकता येतात.

छेडताना पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तर्जनीने. नखाने नाही, बोटाच्या कुशीने, तारेच्या साधारण मध्यावर, आणि ओढून सोडल्यासारखं नव्हे तर बोट तारेवरून पुसून गेल्यासारखं. एका फेऱ्याला चार ते पाच सेकंद पुरे. घाई झाली की खर्जाची आस पूर्ण होण्याआधी पंचम येतो आणि गांधार (ग) ऐकू येत नाही.

हा गांधार म्हणजे या छंदातली सगळ्यात मोठी मिळकत. चारपैकी एकही तार गांधाराला लावलेली नाही, तरी तंबोरा नीट लागला की खर्जाच्या पाठोपाठ तो येतो. याला स्वयंभू गांधार म्हणतात. खर्जाच्या पाचपट कंपनांचा हा स्वर, काळी एकला ३४६.५ च्या आसपास. पेटीतला तोच गांधार ३४९ च्या वर असतो. दोन्ही एकदम वाजवले तर सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे येतात. पेटीचा गांधार चढा असतो असं गवई सांगतात, ते अशा रीतीने घरबसल्या तपासता येतं. एकदा हे ऐकलं की पेटीच्या साथीचं गाणं ऐकताना गळा कुठे पेटीला सोडून तंबोऱ्याकडे जातो ते आपोआप टिपलं जातं.

सध्याच्या वाचनातलं सगळ्यात आनंदाचं पान याच विषयावरचं आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशावरच्या शोधाच्या आधी, १९२१ च्या सुमाराला, कोलकात्यात भारतीय तंतुवाद्यांवर एक लहानसा निबंध लिहिला. तो तंबोरा आणि वीणेच्या घोडीबद्दल आहे. भौतिकशास्त्रात थॉमस यंग यांचा एक नियम आहे. तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या आंशिक स्वराची गाठ, म्हणजे न हलणारी जागा, असेल तो स्वर आवाजात येत नाही. रामन यांच्या लक्षात आलं की तंबोरा हा नियम पाळत नाही. गाठीवर छेडलं तरी तो स्वर येतोच, आणि कारण आहे ती रुंद, मंद उताराची घोडी आणि त्यावरचं सूत. निबंध थोडक्या पानांचा आहे, गणिताचं ओझं नाही, आणि बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या कुणालाही समजेल.

त्याहून चांगलं म्हणजे हा प्रयोग घरी करता येतो. शिंप्याची टेप घ्या आणि घोडीपासून अटीपर्यंत खर्जाच्या तारेची लांबी मोजा. १०० सेंटिमीटर भरली असं धरू. घोडीपासून ५० सेंटिमीटरवर बोट नुसतं टेकवून, दाबून नव्हे, तार छेडा आणि छेडताक्षणी बोट उचला. वरचा षड्ज येईल. ३३.३ वर पंचम, २५ वर आणखी वरचा षड्ज, आणि २० वर गांधार. तो नीट कानात घ्या. आता सूत काढून टाका आणि तार बरोबर २० सेंटिमीटरवरच छेडा, बोट न टेकवता. गांधार खूप फिका पडतो, कारण त्याच्या गाठीवरच आपण छेडलं. सूत परत बसवा, जवारी उघडा आणि त्याच जागी छेडा. गांधार परत येतो. मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं मोफत ॲप असेल तर हे डोळ्यांनीही दिसतं. ३४६ जवळचा उंचवटा सूत काढल्यावर खाली बसतो. मूळ ६९ चा उंचवटा दिसला नाही तर घाबरू नका, मोबाइलचा माइक इतका खालचा आवाज नीट पकडत नाही. शाळेत जाणारी मुलं घरात असतील तर हा प्रयोग त्यांच्याकडून करून घ्या. अपूर्णांक इतके गोड कुठेच लागत नाहीत.

१४.३ सेंटिमीटरवर, म्हणजे सातव्या भागावर, एक विचित्र कोमल निषाद मिळतो. पेटीच्या कोमल निषादापेक्षा तो चांगलाच उतरलेला असतो. पहिल्यांदा तो बेसूर वाटतो, पण काही दिवस ऐकला की आपलासा होतो.

हे असं मोजून बघण्याचं वेड आपल्याच गावाला जुनं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांची, मोजदाद करण्यासाठी तारेवर प्रयोग केले आणि १९१० मध्ये ते पुस्तकरूपाने छापले. त्या कामात अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची आणि कानाची त्यांना साथ होती. एका बाजूला मोजपट्टी घेतलेला अधिकारी, दुसऱ्या बाजूला किराणा घराण्याचा गवई, आणि मध्ये तंबोरा. सांगली-मिरजेच्या इतिहासातलं हे प्रकरण शाळेत शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मग साहजिकच ऐकण्यात खाँसाहेब आले. ते मिरजेत स्थायिक झाले, १९३७ मध्ये गेले, आणि त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे. दरवर्षी उरुसाला तिथे गाण्याची बैठक होते आणि देशभरचे कलाकार हजेरी लावायला येतात. त्यांच्या ध्वनिमुद्रिका मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, एकेक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. त्या तंबोरा जवळ घेऊनच ऐका. आधी रेकॉर्डमधला षड्ज शोधा. तो शेवटच्या समेवर किंवा तान संपताना गळा जिथे विसावतो तिथे मिळतो. मग तंबोऱ्याची जोडाची एक तार त्याला मिळवा. पट्टी फार उंच असेल तर एक सप्तक खाली. बऱ्याचदा तो षड्ज पेटीच्या कुठल्याच पट्टीवर बरोबर बसत नाही, कारण जुन्या रेकॉर्ड नेमक्या ७८ फेऱ्यांवरच मुद्रित झालेल्या नसत, आणि डिजिटल करताना वेग आणखी थोडा इकडेतिकडे होतो. काही हरकत नाही, तंबोरा तिथे आणा. आता तीन मिनिटं हळू आवाजात तंबोरा छेडत रेकॉर्ड ऐका. मुद्रणात जवळजवळ न ऐकू येणारा तंबोरा आपण परत भरलेला असतो, आणि प्रत्येक स्वर कुठे टेकतो ते एकदम उघड होतं. पुढे हिराबाई बडोदेकर ऐका. त्या खाँसाहेबांच्या कन्या, १९०५ चा जन्म मिरजेचाच. त्यांच्याकडे तेच स्वर-लावणं अधिक शांत आणि ठाशीव आहे.

मालकंस किंवा ललत राग ऐकायचा असेल तेव्हा पहिली तार पंचमावरून मध्यमाला उतरवा. ताण पाचव्या हिश्श्याने कमी होतो, तार थोडी लुळी होते, सूत परत हलवावं लागतं, बाकी अडचण नाही. पूरिया-मारव्यासाठी निषाद लावतात, आणि तिथे जरा जपून. पंचमाचीच तार निषादापर्यंत चढवली तर ताण दीडपटीहून जास्त होतो. तार सहसा तुटत नाही, पण खुंटी धरत नाही आणि आवाज कर्कश येतो. निषाद नेहमी लावणार असाल तर पहिली तार दोन गेज बारीक ठेवा किंवा सरळ पाच तारांचा तंबोरा घ्या.

काळजीचं थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात खुंट्या फुगून जाम होतात, उन्हाळ्यात आकसून घसरतात. घसरणाऱ्या खुंटीला कोरड्या खडूची पूड लावा. जाम झालेलीला पकड लावू नका, दांडीचं तोंड फुटतं. दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा, मग सुटते. तेल कुठेच नको. खुंटीला लावलेलं तेल लाकडात मुरलं की ती पुन्हा धरत नाही, आणि तारेला लावलेलं तेल सुतात उतरून जवारी मारतं. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या मऊ कापडाने पुसा, तेवढ्याने गंज बराच लांब राहतो. हाताला सॅनिटायझर लावून वाद्याला हात लावू नका. पॉलिश लाखेचं असेल तर स्पिरिटने विरघळतं आणि बोटांचे ठसे कायमचे उमटतात. सांगलीच्या कोरड्या हवेपेक्षा सातारा, वाई, महाबळेश्वरकडे ओल जास्त. तिथे तंबोरा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, आतल्या भिंतीशी किंवा सरळ दिवाणावर आडवा ठेवा, घोडी वरच्या बाजूला. गवसणी सुती हवी. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि सांधे सुटतात. महिनाभर गावाला जाणार असाल तर चारही तारा एक-दीड स्वराने उतरवून जा. नदीकाठच्या खालच्या पेठांत राहणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये तंबोरा आधीच वरच्या मजल्यावर न्यावा. २०१९ च्या पुरानंतर पाण्यात राहिलेल्या वाद्यांचे सांधे सरसातून सुटतात हे सगळ्यांना कळून चुकलंय.

खरखर येऊ लागली तर लगेच कारागिराकडे धावू नका. आधी मणी सैल आहेत का बघा, मग तारेचं जादा टोक खुंटीजवळ दांडीला टेकतंय का, मग नक्षीची एखादी पट्टी सुटली आहे का. हे करताना एक हात तबलीवर हलका ठेवून दुसऱ्या हाताने छेडा, आणि हात जागा बदलत न्या. ज्या जागी हात ठेवल्यावर खरखर थांबते, दोष तिथे. सांध्याजवळ थांबली तर मात्र तारा उतरवा आणि मिरज गाठा.